दाजी गेलो

सर्व संबंधितांस, विशेषतः पुणे, नागपूर, दुबई आणि अमेरिकेतल्या संबंधितांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, देवगड बंदरातले इंजिन-फिटर, नांदगाव स्टेशनातल्या शेवटच्या बाकाचे स्वयंघोषित मानकरी आणि रेल्वेच्या एकशे बारा भोंग्यांचे संग्राहक श्री. मधुकर ऊर्फ दाजी हे वारले आहेत. ते रुसलेले नाहीत. ते दुसऱ्या नावाने परत आलेले नाहीत आणि येण्याची शक्यताही नाही. तरी कुणीही त्यांची मनधरणी करू नये, त्यांच्यावर पैजा लावू नयेत आणि 'जाताना दार लोटून घ्या' असे त्यांना सांगू नये. कळावे.

ही जाहीर सूचना मी पंधरा दिवसांपूर्वी इंटरनेटवरच्या एका मराठी गप्पांच्या ठिकाणी लिहिली. देवगडच्या बाजारात माझं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे आणि गावच्या नाटकात मी वीस-पंचवीस वर्षं खलनायक उभा करतो, त्यामुळे छाती फुगवून घोषणा करायची मला सवय आहे आणि खोटं कशाला बोलू, हौसही आहे. पण सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा खरोखरच मेला आहे हे चारशे माणसांना पटवून द्यायची पाळी माझ्यावर येईल, आणि तीही माझ्याच दोन शब्दांमुळे, हे मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. दोन महिने होत आले. माझ्या डोक्यातला गोंधळ अजून पुरता निवळलेला नाही. लिहिता लिहिता निवळला तर बरं.

बातमी आली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मी जेवायला निघायचं म्हणून दुकानाचं शटर ओढत होतो. बंदरावरचा एक म्हातारा तांडेल, दाजींचा शाळेपासूनचा सोबती, सायकल ढकलत धापा टाकत आला आणि म्हणाला, "बाबू, दाजी गेलो रे." एवढंच. मी विचारलं, "खंय गेलो?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी शटर अर्धवटच सोडून पळालो. दाजी त्यांच्या भोंग्यांच्या खोलीत, खुर्चीतच होते. समोर दोन टेपरेकॉर्डर, मान किंचित डावीकडे झुकलेली, अगदी काहीतरी ऐकत असल्यासारखी... डॉक्टर म्हणाले, हृदय. आणि माझी बहीण सुमन, जिला आम्ही सगळे बाय म्हणतो, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रडत नव्हती. माझ्याकडे बघून ती एकच वाक्य म्हणाली, "माका गप म्हणाले."

मला वाटलं धक्क्याने बरळते आहे. पण ती शुद्धीत होती. झालं होतं ते असं : सकाळी तिने मिक्सर लावला होता. त्याआधीचे आठ दिवस घरात मिक्सरला बंदी होती, कारण दाजी काहीतरी रेकॉर्ड करत होते आणि त्यांना शांतता हवी होती. आठ दिवस बाय वाटप पाट्यावर वाटत होती. नवव्या दिवशी तिची कंबर धरली आणि तिने न विचारता मिक्सर फिरवला. दाजी खोलीतून बाहेर आले, मिक्सरकडे बघितलं, बायकडे बघितलं आणि काही न बोलता परत आत गेले. दुपारी भात झाल्यावर तिने स्वयंपाकघरातून हाक मारली, तर आतून उत्तर आलं : "गप!" बायला ते लागलं. तिने दुसऱ्यांदा हाक मारली नाही. तासाभराने गेली तेव्हा... "सव्वीस वर्सां संसार केलंय बाबू," ती त्या दिवसापासून मला, शेजारणींना, भटजींना, पिंडाला शिवायला येत नसलेल्या कावळ्यालासुद्धा सांगत होती, "आणि माझ्यासाटी शेवटचो शब्द काय? गप! त्या मिक्सरापायी रागान गेले ते. आणि मीय रागान परत हाक मारूक नाय."

मुळात दाजी रागावले की नाही हे कुणालाच कधी कळत नसे. माणूस बोलायचाच नाही. लग्न झाल्यावर सहा महिने आमच्या आईची समजूत होती की जावई मुका आहे आणि स्थळ आणणाऱ्याने ते लपवलं. बंदरावर लाँचीचं इंजिन बिघडलं की दाजी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाच्या मागच्या हाडावर टेकवून डोळे मिटायचे. मग बोट उचलून एक नट दाखवायचे. झाली तपासणी. संध्याकाळी धक्क्यावर उभे असताना, लाँच नजरेच्या टप्प्यात यायच्या आधी नुसत्या आवाजावरून ती कुणाची ते सांगायचे, आणि वर हळूच, "ह्येचो पिस्टन शिमग्यापर्यंत काय टिकणा नाय." टिकायचा नाही. मालक येऊन भांडायचे, की तुमी बोललास म्हणान मोडलो.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या जिल्ह्यातून आगगाडी धावायला लागली तेव्हा अख्खी देवगड बाजारपेठ ट्रक-टेम्पोत बसून नांदगाव स्टेशन बघायला गेली होती. हार होते, नारळ होते, माझा आवाज होता. गाडी शिरली तशी सगळी माणसं डब्यांकडे बघून हात हलवायला लागली आणि दाजींनी डोळे मिटले. बाय चिडली, "अवो, इतक्या लांब येवन डोळे मिटून काय बघतास?" दाजी म्हणाले, "बघणय नाय. आयकतंय." गाडी निघाली, भोंगा वाजला, लांब बोगद्याकडे जाईपर्यंत विरत गेला, तरी माणूस डोळे उघडेना. शेवटी मी कानाशी जाऊन माझ्या नाटकी आवाजात म्हटलं, "महाराज, गाडी गेली!" तेव्हा उघडले. त्यांत पाणी होतं. मी ते धूर गेला असेल म्हणून सोडून दिलं. आता वाटतं, धूर कसला... पण तेव्हा मला काय कळणार?

पुढच्या रविवारी ते स्कूटर काढून एकटेच नांदगावला गेले. त्याच्या पुढच्या रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन. मग बारा वर्षं तेच. गावात कुणी विचारलं, दाजी रविवारचे खंय जातत, तर बाय मान खाली घालून सांगायची, "भोंगे धरूक." लोकांना वाटायचं मासळीचा काही नवा प्रकार असेल.

एकदा मी त्यांच्यामागे स्कूटरवर बसून गेलो. फलाटाच्या टोकाला शेवटचा बाक, तो त्यांचा. डब्यात घावने, थर्मासात चहा, मांडीवर टेपरेकॉर्डर. दोन गाड्यांच्या मध्ये तास-तास काही नाही, नुसते काजूच्या झाडांतले पक्षी. मला वेड लागायची वेळ आली. शेवटी मी माझा नाटकातला काळा रुमाल काढून त्यांचे डोळे बांधले आणि म्हटलं, सांगा आता. त्या दिवसात पाच गाड्या गेल्या. चार इंजिनांचे नंबर त्यांनी ती दिसायच्या आधी सांगितले आणि मी ते डोळ्यांनी वाचून ताडून बघितले. पाचव्याला म्हणाले, "ह्यां नवीन आसा. आमची वळख नाय." काही इंजिनांना त्यांनी नावंही ठेवली होती. एकाचा भोंगा दुसऱ्या सुरावर चिरकायचा, त्याला ते 'सर्दीवालो' म्हणायचे, आणि तो गेला की थोडे काळजीत पडायचे. डोळे बांधलेला माणूस बाकावर बसलेला बघून स्टेशनातला एक कर्मचारी चौकशीला आला. मी उठून सांगितलं की हे मुंबईहून आलेले थोर ध्वनिशास्त्रज्ञ आहेत. त्याने चहा पाजला. परतताना स्कूटरवर दाजी तासभर गप्प, आणि देवगडच्या वेशीवर एकच वाक्य : "खोटां कशाक बोललंस? आता खरां सांगतलंय तर तो माका येडो म्हणतलो."

तर असा हा अबोल माणूस. आणि आता दुसरा माणूस ऐका, कारण माझा खरा गोंधळ तिथूनच सुरू होतो. बंदराच्या रस्त्याला शिरोडकरबाई म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी आपल्या टेलिफोन बूथमध्ये तीन-चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आणला. दाजींचं भोंग्यांचं वेड त्यांना ठाऊक होतं. एक दिवस त्यांनी दाजींना बोलावून सांगितलं, "अहो, तुमच्यासारखी आणखी आहेत!" इंटरनेटवर 'पडवी' नावाचं एक ठिकाण होतं. जगभरची मराठी माणसं तिथे टोपणनावं घेऊन बसायची आणि कुठल्याही विषयावर वाद घालायची. एक कोपरा इंजिनवेड्यांचा होता. तिथे कुणी इंजिनाच्या रंगांवर भांडत होता, कुणी रुळांच्या खडखडाटावर कविता करत होता. दाजींनी खुर्ची ओढली. बाईंनी कीबोर्डवर प्लॅस्टिक घातलं, कारण दाजींच्या बोटाला तेल असायचं, आणि त्या एका तेलकट बोटाने दाजी बोलायला लागले... ते थांबेचनात!

मला याचा पत्ताच नव्हता. बाईंनी एकदा काही पानं छापून माझ्या दुकानात आणून दिली, "तुमचे दाजी काय मजा करतात वाचा." मी वाचलं, आणि पुन्हा वरचं नाव वाचलं. दाजी. आमचे? इंजिनांवर तर होतंच, पण माणूस जगातल्या प्रत्येक विषयावर मत देत होता, आणि तेही मालवणीत! टूथपेस्टची नळी मधून दाबावी की टोकाकडून यावर पडवीवर तीन दिवस रण पेटलं होतं. दाजींनी लिहिलं होतं, "आमच्याकडे राखुंडी. भांडण मिटला." नवरा-बायकोच्या भांडणानंतर आधी कुणी बोलावं, यावर पानंच्या पानं वाद. दाजी : "आमचा भांडण होणाच नाय. मी बोलणय नाय आणि ती थांबणा नाय." त्याखाली चाळीस जणांनी हसून ठेवलेलं. आणि प्रत्येक लिखाणाच्या शेवटी दाजींची ठरलेली सही असायची : "बरां, दाजी चल्लो चायेक." "दाजी चल्लो जेवक." "दाजी चल्लो, लाँच इली." मी ती पानं बायला दाखवणार होतो. मग वाटलं, नको. घरी जो माणूस 'मीठ' एवढंसुद्धा पूर्ण वाक्यात मागत नाही, तो बाहेर इतका बोलतो, हे बघून तिला बरं वाटेल की वाईट, ते मला ठरवता येईना. अजून येत नाही.

पडवीवर दाजींचा सगळ्यांत लाडका गडी म्हणजे 'वळण' असं टोपणनाव घेतलेला एक जण. पण हे नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, एवढं लक्षात ठेवा. दाजी जाण्याच्या आठवडाभर आधी त्या दोघांचं बिनसलं. दाजींनी लिहिलं की या रविवारी नांदगावला 'सर्दीवालो' भेटला, तब्येत बरी वाटली. त्यावर या गृहस्थाने लिहिलं की हे अशक्य आहे. ते इंजिन महिनाभर शेडमध्ये उघडून पडलंय, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलोय. 'कानाने नंबर वाचता येत नाहीत, दाजी. थापा मारायला सगळी पडवी मोकळी आहे, हा कोपरा तेवढा सोडा.' दाजींनी उत्तर दिलं, "माका आठ दिवस द्या. दाजी चल्लो कामाक." आणि ते घरी येऊन त्या खोलीत शिरले, मिक्सर बंद झाला... पुढचं तुम्हाला माहीत आहे. मला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हे सगळं मागाहून वाचलेलं.

दहावा झाल्यावर शिरोडकरबाई म्हणाल्या, "पडवीवरच्या लोकांना कळवायला हवं. दाजींचं तिथलं दार, म्हणजे त्यांचं खातं, इथे उघडंच असतं, तुम्ही दोन ओळी लिहा." बसलो. मराठीत टाइप करायची ती पहिलीच वेळ. एक 'द' सापडायला पाच मिनिटं लागली. खरं म्हणजे मी नाटकवाला, मला 'काळाने झडप घातली' वगैरे सगळं तोंडपाठ आहे. पण त्या क्षणी डोक्यात काहीच नव्हतं, फक्त त्या तांडेलाचा धापा टाकणारा आवाज होता. तोच मी बोटाने उतरवला. दाजींच्या नावाखाली, दाजींच्याच दारातून, मी लिहिलं : "दाजी गेलो."

तासाभरात उत्तरं यायला लागली आणि मी खुर्चीतच ताठ झालो. पहिलं : "जा की. दर महिन्याला इथून कुणीतरी जातंच." दुसरं : "दाजी, जाताना दार लोटून घ्या, डास येतात." तिसरा पैज लावत होता की आठ दिवसांत परत येतील. अमेरिकेतल्या कुणी बाई लिहीत होत्या, "नका ना जाऊ दाजी, तुमच्याशिवाय आमचा रविवार सुना." आणि एकाने बजावलं होतं, "दुसऱ्या नावाने आलात तरी तुमचा भोंगा आम्ही ओळखू!" मी बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे. मेलेल्या माणसाशी बोलायची ही कसली रीत? मी घाम पुसून पुन्हा टाइप केलं : "खरोखरच गेलो." उत्तर आलं : "किती वेळा जाणार?" मी लिहिलं : "अरे देवा शप्पत गेलो रे!" उत्तर : "गेलात तर बोलताय कुठून?" तेव्हा मात्र मी उठलो आणि त्या कॉम्प्युटरला, पडवीला आणि तिथल्या सगळ्या निर्दय माणसांना माझ्या खलनायकी आवाजात चार शिव्या हासडून घरी गेलो. बायला सांगितलं, दाजींचे मित्र काही बरे लोक नाहीत. ती पाट्यावर वाटप वाटत होती. मिक्सर फडक्याखाली झाकलेला होता. आता कुणाचं रेकॉर्डिंग चाललं नव्हतं, तरी तिने तो लावलेला नव्हता.

मग सहाव्या आठवड्यातला रविवार. मी बायकडे जेवायला गेलो होतो, कारण तिचा हात अजून दोन माणसांचाच भात घालतो. फाटकाशी एक गृहस्थ उभे राहिले. सत्तरीचे, किडकिडीत, हातात कापडी पिशवी, पिशवीतून भडंगाचा पुडा डोकावत होता. म्हणाले, "दाजी इथेच राहतात ना? मी मिरजेहून आलो. तळेऱ्याला एसटी बदलायला दीड तास उभा होतो." बाय पदर सावरत म्हणाली, "ते गेले." गृहस्थ म्हणाले, "हो हो, गेले ते कळलंय मला. म्हणून तर आलो. माझ्यामुळेच गेले ते! आता त्यांना परत कसं आणायचं तेवढं सांगा, पाय धरायला लागले तरी धरीन." बायने मला कोपराने ढोसलं आणि हळूच विचारलं, "बाबू, ह्यो यमाकडसून इलो काय रे?"

मी त्यांना घरात घेतलं. ते आत शिरले, आणि समोर भिंतीवर दाजींचा फोटो, त्याला चंदनाचा हार, खाली निरांजन... भडंगाची पिशवी त्यांनी कशी खाली ठेवली ते मी विसरणार नाही. आवाज होऊ नये म्हणून जपून, दोन्ही हातांनी. मग म्हणाले, "पण त्यांनी स्वतः लिहिलं होतं की... गेलो म्हणून."

"ते मी लिहिलं," मी म्हटलं.

"तुम्ही? पण तुम्ही कुठे गेला होता?"

"मी कुठेच नाही. दाजी गेलो."

"तेच म्हणतोय मी, दाजी, गेलो!"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमच्याकडे तो गेलो, तो इलो, तो मेलो. घाटावर गेलो म्हणजे मी गेलो. मी लिहिलं होतं की एक माणूस मेला. तिकडे चारशे जणांनी वाचलं होतं की दाजी, रागाने, पडवी सोडून निघून गेले, आणि जाताना नेहमीसारखी सही करून गेले. दाजी चल्लो, दाजी गेलो! तिथे तर रुसून जाणं हा रोजचाच खेळ होता. त्या लोकांना मी महिनाभर निर्दय म्हणत होतो. त्यांनी डास येतील म्हणून दार लोटून घ्यायला सांगितलं होतं ते एका जिवंत माणसाला.

गृहस्थ खुर्चीत बसले. इंजिन शेडमध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस तो. "मी त्यांना थापाड्या म्हटलं," ते बायला म्हणाले. "वहिनी, तुम्हाला काय सांगू... पडवीवर माझं नाव वळण."

वळण! मी ताडकन उठलो. दाजी गेले त्या दिवशी टेबलावर एक कॅसेट होती. चिठ्ठी चिकटवलेली, वर दाजींच्या अक्षरात दोन शब्द : 'वळणासाठी. पुरी.' मला वाटलं वळणावर वाजणाऱ्या भोंग्याचं रेकॉर्डिंग असेल. मी ती एकशे बारा कॅसेटींच्या खोक्यात एकशे तेरावी म्हणून टाकून दिली होती. त्या खोलीत बाय त्या दिवसापासून पाऊल ठेवत नव्हती. आत्ताही ती उंबऱ्याबाहेरच थांबली, मी वळणकाकांना आत नेलं आणि कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

आधी खरखर. मग दाजींचा घसा साफ करण्याचा आवाज. बायने दाराची चौकट धरली. मग दाजी बोलायला लागले, आणि मी पहिल्यांदा तो दुसरा माणूस माझ्या कानांनी ऐकला. "वळणानु, आता दोन भोंगे आयका. पयलो दोन वर्सांपूर्वीचो, दुसरो त्या रविवारचो." एक भोंगा वाजला, दुसऱ्या सुरावर चिरकला. मग दुसरा, तसाच चिरकला. "सर्दीवालोच, काय म्हणतास? पण आता भोंगो सोडा आणि खालचां इंजीन आयका. तां ह्यां न्हय. मी आठ दिवस आयकलंय. इंजीन तुमच्या शेडीत आसा ह्या तुमचा बरोबर. भोंगो नांदगावाक इलो ह्या माझा बरोबर. कोणीतरी ह्येचो भोंगो काढून तेका बसवल्यानी. मी भोंग्याच्या नादान इंजीन आयकूकच विसारलंय. फिटर आसान... माका लाज वाटली." वळणकाकांनी गुडघ्यावर थाप मारली, "बसवतात! अहो, बसवतात तसे!" आणि लगेच तोंडाला रुमाल लावला.

"आता एकदा सलग आयका," टेपमधले दाजी म्हणाले. दुसऱ्या टेपरेकॉर्डरच्या बटणाचा आवाज, खरखर. आणि मग लांबून, भांड्यांच्या आवाजातून, एक बाईचा आवाज आला : "अवो, जेवक येतास मां? भात थंड झालो!"

बायचे डोळे विस्फारले. तिचाच आवाज होता तो. मी बटणाकडे हात नेला, कारण पुढे काय येणार ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिने मान हलवली. नको.

"गप!" टेप म्हणाली. आणि त्यानंतर, अगदी खालच्या आवाजात, स्वयंपाकघरात पोचणं शक्यच नाही इतक्या खालच्या आवाजात, "...भोंगो येता." मग भोंगा आला. लांबून आला, मोठा झाला, चिरकला, विरत विरत गेला. थोडा वेळ नुसती खरखर होती. मग दाजी हसले. मी त्यांना हसताना फार तर पाच-सहा वेळा ऐकलं असेल. "मधे आवाज इलो तो आमच्या मंडळींचो," ते वळणकाकांना सांगत होते. "पुसून परत करूक येयत, पण रवांदे. आमच्या घरचो भोंगो तो. सव्वीस वर्सां आयकतंय. एकशे बारा धरलंय, पण ह्यो एकच, जो वळखूक माका कान लावचे लागणत नाय. बरां, दाजी चल्लो जेवक."

खट्. टेप थांबली. ती खोली आहे तशी आहे. दोन टेपरेकॉर्डर, खोका, किंचित डावीकडे वळलेली ती खुर्ची. वळणकाका रुमालाआड होते. बायने चौकट सोडली. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा उंबरा ओलांडून ती आत आली, सरळ त्या रिकाम्या खुर्चीपुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि जिने सव्वीस वर्षांत नवऱ्याला 'अवो'खेरीज हाक मारली नव्हती, ती माझी बहीण परक्या माणसादेखत, बंदरावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडली :

"मेल्या, मोठ्यान सांगूक काय झाल्ला तुका!"